होम सिग्नल

इंजिनाला पहाटे पाचला काडी लावली होती, तरी अकरा वाजले तेव्हा वाफेचा काटा निम्म्यावरच लटकत होता. फिटर दर दहा मिनिटांनी वर चढून काचेवर टिचकी मारून यायचा. खाली त्याचा बाप, जुना ड्रायव्हर, तेलाची झारी घेऊन चाकांमध्ये वाकला होता.

"बाबा, बास आता. तेलात पोहायला लागलंय ते."

"काय?"

"तेल! बास!"

"बेल? कुणी वाजवली?"

फिटरने हात जोडले. एकतीस वर्षं बॉयलरला कान लावून ड्रायव्हरचे दोन्ही कान कामातून गेले होते, आणि जे थोडं ऐकू यायचं ते तो सोयीने ऐकायचा.

हे इंजिन शेडमागच्या गवतात अठरा वर्षं उभं होतं. बॉयलरमध्ये चिमण्यांनी घरटी केली होती. गेल्या महिन्यात ही लाइन कायमची बंद झाली, आणि मग वरच्या ऑफिसात कुणाला तरी आठवलं की या लाइनीवर असं एक इंजिन होतं. ते संग्रहालयात न्यायचं ठरलं. फिटरने चार महिने आधीपासूनच, कुणी सांगितलेलं नसताना, त्याचे नळ बदलायला घेतले होते. रविवारी निरोपाचा समारंभ होता. आज नुसती चाचणी: शेडपासून स्टेशनपर्यंत एक मैल जायचं, आणि परत यायचं.

"आजोबांनी घातलेत हे रूळ," ड्रायव्हर झारी ठेवत म्हणाला. त्याला बोलायचं असलं की तो असा मध्येच सुरू व्हायचा. "मुकादम होते ते गँगचे. पहिली गाडी आली तेव्हा ती बघायला माणसं दोन दिवस आधी येऊन बसली होती. आणि आजोबा मात्र पाठ फिरवून उभे. का माहीत आहे?"

फिटरला पाठ होतं. तरी त्याने मान हलवली.

"म्हणाले, गाडी काय बघायची, मी रुळांकडे बघतो. दबले नाहीत ना ते."

तो हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "दादा आलाय ना घरी?"

"आलेत," फिटर म्हणाला, आणि जरा थांबून ओरडला, "आलेत!"

"ऐकलं. ओरडतोस कशाला?"

शेडला लागूनच असलेल्या घरात ड्रायव्हरचा थोरला भाऊ बैठकीच्या खोलीत ताठ बसला होता. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. शाळेतला नव्हे, स्टेशनातला. ऐंशी ओलांडली होती तरी शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि दर थोड्या वेळाने मनगटावरच्या घड्याळाकडे नजर. या घरात तो सत्तावीस वर्षांनी पाऊल टाकत होता. एवढी वर्षं दोघा भावांत एक शब्द नव्हता. लग्नाकार्यात एकाला एका खोलीत आणि दुसऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवायचं, हे काम त्यांची बहीण माई करायची, आणि ती त्यात इतकी तरबेज झाली होती की पाहुण्यांना पत्ताही लागत नसे. या वेळी रेल्वेच्या ऑफिसातून दोघांना पत्रं आली होती: ड्रायव्हरने इंजिन आणावं, मास्तरांनी स्टेशनावर झेंडी दाखवावी. दोघांनीही होकार कळवला. ऑफिसाला. एकमेकांना नव्हे.

मास्तरांना आणायला फिटरची बायको स्वतः गेली होती. ती या स्टेशनाची शेवटची तिकीट-क्लार्क. नऊ वर्षं तिने एकाच खिडकीमागे काढली होती, आणि माणसाने नाही म्हणायच्या आत त्याला रांगेत उभं कसं करायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ताटं मांडता मांडता तिने मास्तरांच्या मुलीला विचारलं, "ताई, छापखान्यात पानं कधी द्यायची?"

"संध्याकाळी सहाच्या आत. एकच पान राहिलंय."

ताई शाळेत इतिहास शिकवायची. स्टेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून निघणाऱ्या स्मरणिकेचं काम तिच्याकडे आलं होतं. वर्षभर ती जुनी दप्तरं उपसत होती. इंजिनात पाणी सोडणारी सोंड कुणी बसवली, फलाटावरच्या गुलाबाच्या वाफ्यांना पहिलं बक्षीस कोणत्या साली मिळालं, वजनकाट्यावर शाळेची पोरं रांगेने वजन कशी करून घेत; असली एकेक गोष्ट तिने जमवली होती. राहिलं होतं पान एक्केचाळीस.

"वाच की," शेजारी बसलेली माई म्हणाली. "आम्हालाही कळू दे."

ताईने वडिलांकडे पाहिलं. मास्तर घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात फिटर हात पुसत आत आला आणि दारातच टेकला. ताईने वाचायला सुरुवात केली.

"'या स्टेशनाच्या शंभर वर्षांत एकही अपघात झाला नाही. एकदा मात्र तो साठ पावलांवर येऊन थांबला. स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलचा हात आडवा, म्हणजे 'थांबा' दाखवत असताना दुपारची पॅसेंजर आत आली. त्याच लाइनीवर मालगाडी उभी होती. ड्रायव्हरने ब्रेक लावले आणि दोनशे माणसं वाचली. सिग्नलची तार अडकली असावी, असं चौकशीत ठरलं.'"

"आडवा असताना?" फिटर म्हणाला.

ताईने मान हलवली.

"ताई, हात खाली होता. सिग्नल उतरलेला होता, गाडीला वाट दिलेली होती. बाबांनी शंभर वेळा सांगितलंय. तार अडकली होती, हे तूच शेवटी लिहिलंयस, मग आडवा कसा? तार बघायचं काम स्टेशनाचं. आणि काकांनी रिपोर्ट कुणावर केला? ड्रायव्हरवर. स्वतःची कातडी वाचवायला—"

"अरे, कुणासमोर बोलतोयस!" माई म्हणाली.

"समोरच बोलतोय, आत्या. मागे बोलायची सवय नाही मला. त्या दिवसानंतर माझ्या बापाने पॅसेंजर चालवली नाही. यार्डात डबे ढकलत राहिला रिटायर होईपर्यंत. आणि आता ते पुस्तकात छापायचं? छापलंस तर बाबा इंजिनावर चढणार नाहीत. मी चढू देणार नाही."

मास्तरांनी ताट हळूच पुढे सारलं. "ते पान काढून टाक," ते मुलीला म्हणाले.

"बाबा—"

"काढून टाक म्हणतोय ना. शंभर वर्षांत लिहिण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे."

माईला हायसं वाटलं. "हो बाई, काढ. झालं गेलं. रविवारी सगळे एकत्र येतायत, एवढं गोड मानून घेऊ."

"का काढायचं?" असं म्हणणारी फिटरची बायको निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती भांडं हातात घेऊन उभी होती. "नऊ वर्षं मी त्या खिडकीत बसले. म्हाताऱ्या बायका तिकीट घेता घेता विचारायच्या, काय गं, त्या दोघा भावांचं काय झालं होतं? मी काय सांगू? मला माझ्याच घरातलं माहीत नाही. आपण सगळे या एका गोष्टीभोवती वळसा घालून चालतो. आता पोरांनाही तोच वळसा शिकवायचा का?"

"तू गप्प बस," फिटर म्हणाला.

"नाही बसत."

फिटर बघतच राहिला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती; ती आजवर त्याच्या बाजूने सगळ्या गावाशी भांडली होती. समोरच्या बाजूला उभी राहिलेली त्याने तिला पहिल्यांदाच पाहिलं.

मागच्या दाराशी नळ वाजला. ड्रायव्हर कोपरापर्यंत साबण लावून हात धुत होता. धुऊन आत आला, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

"काय झालं? कुणी गेलं की काय?"

"पान वाचत होतो, बाबा!" सून ओरडली. "स्मरणिकेतलं! सिग्नलचं!"

"मग वाचा की. मला का वगळता?"

"नको," मास्तर आणि फिटर एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून दोघेही ओशाळले.

ताईने वाचलं. या वेळी तिला ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचावं लागलं, आणि मोठ्याने वाचताना वाक्यं फार उघडीबोडकी वाटायला लागली. दोनशे माणसं. साठ पावलं. ड्रायव्हर कानामागे हात धरून ऐकत होता.

"चूक आहे," तो म्हणाला.

"बघ!" फिटर ताईला म्हणाला.

"दुपारची पॅसेंजर नुसतं लिहून चालत नाही. बारा मिनिटं लेट होती ती. लेट होती हे लिही, नाहीतर बाकीचं समजत नाही." त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. पाठीला हात धरून उभा राहिला. "मी कधी लेट आणली नव्हती गाडी. लोक माझ्या शिट्टीवर घड्याळं लावायचे. त्या दिवशी मागच्या स्टेशनात पाणी भरताना वेळ गेला. मग मी पळवली. पुलाच्या वळणावरून होम सिग्नल दिसतो. दिसला. आडवा होता."

फिटरचा हात दारावरून खाली आला.

"बाबा, तुम्ही तर—"

"आडवा होता. लख्ख ऊन होतं, चूक व्हायचं कारणच नाही. मी म्हटलं, सिग्नलच्या केबिनवर दादा आहे. मी पोचेस्तोवर उतरवेल. नेहमी उतरवायचा. माझी शिट्टी ओळखायचा तो. म्हणून वाफेचा रेग्युलेटर बंद केला नाही. शिट्टी देत राहिलो. सिग्नल डोक्यावरून मागे गेला तेव्हाही तो आडवाच होता. आणि मग समोर मालगाडी दिसली."

बाहेर शेडच्या बाजूने वाफ सुटल्याचा बारीक आवाज येत होता. फिटरची बायको खाली बसली.

"खाली उतरल्यावर सगळे जमले. मला विचारलं, सिग्नल काय होता. तोंडातून निघालं, उतरलेला होता. पहिल्या दिवशी खोटं बोललो ते भीतीने. दुसऱ्या दिवशीपासून लाजेने. आणि भीती लवकर जाते रे. लाज नाही जात." तो मुलाकडे वळला. "तुला सांगायला पाहिजे होतं. तू सहा वर्षांचा होतास. माझी बाजू घेऊन शाळेत मारामारी करून आलास, ओठ फुटला होता तुझा. त्यानंतर सांगायचं तोंड राहिलं नाही."

फिटर खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. लहानपणापासून त्याने एक गोष्ट उराशी धरून वाढवली होती, की आपल्या बापावर अन्याय झाला. तिच्या जोरावर तो या शेडमध्ये नोकरीला लागला होता, तिच्या जोरावर त्याने चार महिने ते गंजलेलं इंजिन खरवडलं होतं. आता ती काढून घेतल्यावर हातांचं काय करायचं, हे त्याला कळेना.

ताई उठली. पिशवीतून एक कागद काढला.

"ताई, नको," मास्तर म्हणाले.

"बाबा, तुम्ही सांगितलंत म्हणून मी हा छापायला घेतला नाही. दाखवायचा नाही असं मी कबूल केलेलं नाही." तिने कागद काकांपुढे धरला. "चौकशीतला जबाब आहे. ऑफिसातून नक्कल मिळाली."

ड्रायव्हरने चष्मा चाचपला. तो इंजिनावर राहिला होता. माईने कागद घेतला आणि आपल्या खणखणीत आवाजात वाचला. "'सदर तार सकाळपासून जड चालत होती. मालगाडी आत घेतल्यावर सिग्नलचा हात पूर्ण आडवा झाला की नाही, हे मी जातीने पाहिले नाही.' खाली सही." ती थांबली. "सही दादाची."

ड्रायव्हरने पुन्हा वाचायला सांगितलं. माईने पुन्हा वाचलं.

"पाहिलं नाही?" तो म्हणाला. सत्तावीस वर्षांनंतर भावाला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. "तू? तू पाहिलं नाहीस?"

मास्तरांनी बटण लावलेल्या कॉलरला हात लावला. "पाहिलं होतं. मी रोज पाहायचो."

"मग असं का लिहिलंस?"

"तुला ऐकू येतंय का?"

"तुझं येतंय."

"लाल सिग्नल मोडणाऱ्याला घरी बसवतात. तुझी दोन पोरं होती. तार अडकली असेल, एवढा संशय ठेवला तर नुसतं यार्डात पाठवतात. म्हणून लिहिलं."

"आणि मग रिपोर्ट कशाला केलास आधी?"

"दोनशे माणसं होती गाडीत!" मास्तरांचा आवाज चढला. "ते पोटात घालण्यासारखं नव्हतं. तू माझा भाऊ आहेस म्हणून नव्हतं. रिपोर्ट खरा होता. जबाब खोटा होता. उभ्या नोकरीत सरकारी कागदावर मी एवढं एकच खोटं लिहिलंय, आणि ही पोरगी ते शोधून काढते!"

फिटरच्या बायकोला हसू फुटलं आणि तिने ते पदरात दाबलं. माईला ते दाबता आलं नाही; ती हसता हसता रडायला लागली.

ड्रायव्हर मात्र हसत नव्हता. तो जोडत चालला होता. तार न पाहिल्याबद्दल मास्तरांची बदली झाली होती, लाइनीच्या पार टोकाला, जिथे दिवसाला दोन गाड्या आणि प्यायला टँकरचं पाणी. सात वर्षं. तिथे शाळा नव्हती. म्हणून नऊ वर्षांची ताई माईकडे राहिली, सोळाची होईपर्यंत.

तो ताईपुढे जाऊन उभा राहिला. "म्हणजे तुला..."

"हो," ताई म्हणाली.

"तुला हे माहीत होतं?"

"या वर्षी कळलं."

"तुझी ती वर्षं मी कशी परत देऊ?"

ताईला या प्रश्नाचं चांगलं उत्तर द्यायचं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नखांत तेल होतं, आणि लहानपणी माईकडे येऊन तिला खांद्यावर बसवून यार्ड दाखवणारा काका हाच होता. का येत होता तो, तेही आता कळलं. पण वर्गात ती मुलांना सांगायची, घडलं ते घडलं म्हणा, मग पुढचं बोला.

"नाही देता येणार, काका," ती म्हणाली.

त्याने मान डोलवली. त्याला ते नीट ऐकू आलं होतं.

शेडकडून जोराचा फुसकारा आला. फिटर खिडकीतून वळला. डोळे लाल होते, पण आवाज कामावरचा होता. "काटा भरला. वाफ वाया जातेय. बाबा, चढताय का?"

"तू चढू देणार नव्हतास म्हणे."

"तुम्हाला ऐकू आलं ते?"

"चला," ड्रायव्हर म्हणाला.

चार वाजता इंजिन स्टेशनात आलं. फलाट रिकामा होता. तिकिटाची खिडकी फळीने बंद केलेली, गुलाबाच्या वाफ्यांत गवत माजलेलं, घड्याळ काढून नेलं होतं तिथे भिंतीवर पांढरा गोल. तरी आवाज ऐकून आजूबाजूच्या घरांतून माणसं गच्चीवर आली. सोंडेच्या खांबाजवळ एक म्हातारी काठी टेकून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, कोळशाच्या धुराने पाणी येतं हो. इंजिन तिच्यासमोरून गेलं, कोळशाचा, गरम तेलाचा, ओल्या राखेचा तो वास मागे ठेवत. ताईला वाटलं, एवढं वर्षभर लिहूनही हा वास आपल्या एकाही पानात उतरला नाही.

ड्रायव्हरने इंजिन बरोबर फलाटाच्या मध्यावर उभं केलं. मास्तर झेंडी घेऊन उभे होते. झेंडीची गरज परत जाताना लागणार होती.

"दादा, वर ये," ड्रायव्हर म्हणाला.

"इंजिनाच्या फूटप्लेटवर बिनपासाचं कुणी चढायचं नाही."

"मग लिही पास. स्टेशनमास्तर तूच आहेस."

"मी रिटायर झालोय."

"लाइनही झालीय."

चाळीस वर्षं मास्तरांनी इंजिनं सोडली होती, एकावरही चढले नव्हते. मग त्यांनी वळून हिरवी झेंडी मुलीच्या हातात दिली, बाही दुमडली आणि दांड्याला हात घातला. फिटरने वरून ओढलं, माईने खालून आधार दिला आणि मोठ्याने सूचनाही दिल्या. वर गेल्या गेल्या त्यांच्या पांढऱ्या शर्टावर काळा पंजा उमटला. ड्रायव्हरने तो झटकायला हात लावला आणि दुसरा उमटवला.

"पान काय करणार आहेस?" फिटरच्या बायकोने ताईला हळूच विचारलं.

"दोघांचं लिहिते. तो आडवा होता हेही, आणि जबाब खोटा होता हेही. बाबा महिनाभर बोलणार नाहीत."

"बोलतील. आता त्यांना भांडायला दुसरं माणूस मिळालंय."

वर फिटरने फावडं मारलं, भट्टीचं दार लागलं. ड्रायव्हरचा हात रेग्युलेटरवर गेला आणि थांबला. दोघे भाऊ ताईकडे बघत होते.

त्या सात वर्षांत सुट्टी संपली की आई-बाबांची गाडी याच फलाटावरून सुटायची. ताई माईआत्याचा हात धरून उभी असायची. दर वेळी तिला वाटायचं की आज काहीतरी होईल आणि गाडी जायची नाही. मग कुणीतरी निळ्या कोटातला माणूस पुढे व्हायचा, हिरवी झेंडी उलगडायचा, आणि गाडी जायची. तिला गाडीचा राग यायचा नाही. बाबांचाही नाही. त्या झेंडीवाल्याचा यायचा.

तिने झेंडी तशीच गुंडाळलेली धरून ठेवली.

इंजिन श्वास घेत उभं राहिलं. वाफ चाकांतून निघून फलाटावर पसरली, तिच्या पावलांवरून गेली. एक मिनिट गेलं. माई काही बोलायला लागली, पण फिटरच्या बायकोने तिचा हात दाबला. वरून मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ड्रायव्हरने शिट्टीच्या दोरीला हात लावला नाही. तो मान खाली घालून उभा होता, आणि तिला कळलं की संध्याकाळपर्यंत उभं राहावं लागलं तरी तो राहील.

आणखी थोडा वेळ तिने त्यांना थांबवलं. मग हात वर केला आणि झेंडी उलगडली.